तिसरी चिठ्ठी

थुंग सई
९ फेब्रुवारी, बौद्ध संवत २५६७

जुम,

तुझे बाबा गेल्या शुक्रवारी सकाळी गेले. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता. हा मलेशियातला, पेनांगचा पत्ता बाबांच्या हवालदार बुनलुएने दिला. त्याच्याकडे तो कुठून आला हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सात दिवसांचं मंत्रपठण काल संपलं. शवपेटी विहारात ठेवली आहे. अग्नी शंभराव्या दिवशी, म्हणजे ११ मेला, शनिवारी. पेटीसमोर त्यांचा पांढऱ्या गणवेशातला फोटो लावला आहे. पक्षाच्या लोकांना खासदारकीच्या कोटातला हवा होता. मी म्हटलं, कोटात ते नेहमी दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखे दिसायचे, तो नको.

पत्राचं कारण एवढंच की अग्नीच्या दिवशी वाटायचं त्यांचं पुस्तक छापायचं आहे. अग्नीला येणाऱ्याने चंदनाचं फूल वाहिलं की त्याच्या हातात पुस्तक द्यायला हवं, आणि पोलीसप्रमुख नि खासदार राहिलेल्या माणसाचं पुस्तक पातळ असून चालत नाही. आधी चरित्र, मग पदकांची यादी, मग घरातल्या एकेकाचं पान. घरात उरलंय कोण? एक पान माझं, एक तुझं. मुलीचं पान नसलं तर लोक माझ्या तोंडावर विचारणार नाहीत, कॉफीच्या दुकानात जाऊन विचारतील.

एप्रिलअखेर पाठव. काय लिहायचं ते तू बघ. खोटं लिहू नकोस असं सांगितलं तर तू काहीच लिहिणार नाहीस, म्हणून ते सांगत नाही.

एक आठवण करून देते. पेनांगहून सकाळची गाडी धरली तर माणूस संध्याकाळच्या जेवणाला इथे पोचतो. एकवीस वर्षं तो रस्ता तिथेच आहे.

आई


३ मार्च

जुम,

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा येतं असं मी स्वतःला सांगते आणि दुसऱ्या पत्राला बसते.

हवालदार रोज सकाळी फायली घेऊन येतो. सेवेतून निघून त्याला बारा वर्षं झाली, तरी दारात अजून टाचा जुळवूनच उभा राहतो. चरित्र मी लिहिते, तो तपासतो, म्हणजे प्रत्येक ओळीत 'शूर' घालतो. काल मी त्याला म्हटलं, "बुनलुए, साहेबांना पोहता येत नव्हतं, पुरात ते टेबलावर चढून बसले होते, तिथे कुठला शूर घालू?" तो म्हणाला, "बाई, टेबलावरून त्यांनी हुकूम तर दिले ना." मग दोघंही हसलो, आणि मग तो रुमाल काढून बराच वेळ नाक पुसत बसला.

जन्म ते पोलीस अकादमीपर्यंत सरळ आहे. रबराचा चीक काढणाऱ्या बापाचा मुलगा, सात मैल चालत शाळा. पहिली नेमणूक डोंगरातल्या चौकीवर, तिथे मांडीत गोळी. तिथून दोन जिल्हे, एक बढती, एक शिक्षेची बदली. एका मंत्र्याच्या मेहुण्याला हातकड्या घातल्या म्हणून ती बदली झाली होती. तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, ट्रकमध्ये सामानावर बसून तू "बाबांनी चोर पकडला म्हणून आपण चाललो" असं वाटेतल्या प्रत्येक चहावाल्याला सांगितलंस. हे मी पुस्तकात घातलं आहे. नको असेल तर कळव.

मग प्रांताचे पोलीसप्रमुख झाले, ते साल आलं. याद्यांचं साल. तिथे माझं पेन थांबलं. हवालदार म्हणतो, "त्या वर्षी साहेबांनी प्रांत स्वच्छ केला, असं एक वाक्य टाकू आणि पुढे जाऊ." मी ते वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण स्वतःचं एक वाक्य बरोबर की चूक हे मला ठरवता येईना.

तू गेलीस ती "नाव कोणी दिलं" हा प्रश्न विचारून आणि उत्तर ऐकून. ते उत्तर बाबांचं होतं. त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही आणि आजही बोलत नाही. ते त्यांचं कर्तव्य करत होते.

पान पाठव. अर्धं पाठवलंस तरी चालेल.

आई


१ एप्रिल

जुम,

तुझं पत्र आलं. पाकीट जाड वाटलं म्हणून जीव भांड्यात पडला होता. आत चार घड्या घातलेला एकच कागद आणि एकच ओळ. 'सक्दाला त्यांनी कसं मारलं ते छापणार असाल तर पान लिहीन.'

एकवीस वर्षांनी हे नाव या घरात आलं, तेही लिहून. मी तो कागद मिठाच्या बरणीखाली ठेवला आहे. हवालदाराच्या हाती पडायला नको.

तुझ्या ओळीला उत्तर देण्याआधी त्यानंतरचं सांगते, कारण ते तू पाहिलं नाहीस. तू गेल्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला. वर चढायची शिडी समोर उभी होती, बँकॉकचं मोठं पद ठरल्यात जमा होतं. एका सकाळी गणवेश घातला, बटणं लावली, खुर्चीवर बसले आणि पुन्हा सगळी बटणं काढली. मला म्हणाले, "हे आता अंगावर बसत नाही." मी म्हटलं, वजन वाढलंय, शिंप्याकडे देते. 

निवडणुकीला उभे राहिले ते लोकांनी ओढून नेलं म्हणून. उमेदवार क्रमांक सात. सात बोटं दाखवायला दोन हात लागतात, आणि मग नमस्कार करायचा राहून जातो, यावर आमच्या गाडीत रोज भांडण. आयुष्यभर लोकांनी ज्याला नमस्कार केला तो माणूस आता मासळीबाजारात प्रत्येक टोपलीपुढे वाकत होता. सुरुवातीला वाकायचे तेव्हा मान ताठच राहायची. एक मासळीवाली म्हणाली, "साहेब, मत मागताय की झडती घेताय?" त्यावर अख्खा बाजार हसला, तेही हसले. निवडून आले, दणदणीत.

खासदार म्हणून ते काय करत होते तर अंत्यविधींना जात होते. सगळेच खासदार जातात, पुष्पचक्र पाठवतात, पहिल्या रांगेत बसून पहिलं फूल वाहतात आणि पुढच्या गावी पळतात. हे शेवटपर्यंत बसायचे. धूर निघेपर्यंत बसायचे. पक्षाचे लोक चिडायचे, एका दिवसात पाच विहार करायचे असतात, साहेब दोनच करतात. मी विचारलं तर म्हणाले, "कोणीतरी शेवटपर्यंत बसावं ना."

दुसऱ्या कार्यकाळात सभागृहात उठून त्यांनी एक मागणी केली होती. याद्यांच्या वर्षी मेलेल्यांची चौकशी करा, माझ्यापासून सुरुवात करा. हे वर्तमानपत्रात चार ओळी आलं होतं, तू कदाचित वाचलं नसशील. पक्षाने त्यांना बोलावून घेतलं. पंधरा दिवसांत ते उपमंत्री झाले आणि त्या मागणीचं पुन्हा नाव काढलं नाही. मी त्यांची बाजू घेत नाही. पद घेतलं म्हणजे घेतलं. अकरा महिने गाडीवर झेंडा होता, मग सरकार गेलं, झेंडाही गेला. शेवटच्या निवडणुकीत पडले तेव्हा मला वाटलं मोडतील, पण ते घरी येऊन आठ तास झोपले. इतकं झोपलेलं मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

आणि आणखी एक. हे मला हवालदाराने कालच सांगितलं. दर जूनमध्ये, तुझ्या वाढदिवसाला, साहेब 'हात याई शहरात बैठक आहे' म्हणून जायचे. बैठक नसायची. दोघं सीमा ओलांडून पेनांगला जायचे, तू शिकवतेस त्या शाळेसमोरच्या दुकानात बसायचे. तू मुलांची रांग घेऊन रस्ता ओलांडायचीस. एक वर्ष तू त्यांच्यापासून पाच पावलांवर थांबून एका पोरीच्या बुटाची नाडी बांधलीस. हवालदार म्हणाला, "साहेब, हाक मारा." हे म्हणाले, "ती मुलांच्या घाईत आहे." मग परत.

आता तुझ्या ओळीचं उत्तर. तू लिहिलंस, त्यांनी कसं मारलं. जुम, गोळी त्यांनी झाडली नाही. बाकीचं मी नंतर लिहीन. आज हात दुखतो.

आई


२० एप्रिल

जुम,

हात दुखत नव्हता.

गेल्या आठवड्यात सोंगक्रान झालं, नवं वर्ष लागलं. दरवर्षीसारखे माझे जुने विद्यार्थी आले, रांगेने बसले, माझ्या तळहातांवर फुलांचं पाणी ओतलं आणि म्हणाले, बाई, आमच्या हातून कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. मी बोलायचं असतं, क्षमा केली, सुखी राहा. पन्नाशीची माणसं माझ्यापुढे गुडघे टेकून क्षमा मागत होती आणि मी ओले हात पुढे धरून बसले होते. तीन जणांपर्यंत मी बोलले. चौथ्याला तोंडच उघडेना. त्यांना वाटलं, साहेबांच्या आठवणीने बाईंना भरून आलं.

आता सरळ लिहिते.

याद्यांच्या साली वरून हुकूम आला की प्रत्येक वस्तीत सभा घ्या. घरटी एक चिठ्ठी. नशेच्या धंद्यात ज्याचा संशय असेल त्याचं नाव लिहून बंद पेटीत टाका, सही नको. तीन चिठ्ठ्यांवर ज्याचं नाव येईल ते यादीवर चढणार. आपल्या वस्तीची सभा माझ्या शाळेत होती, म्हणून व्यवस्था माझी. ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं त्या माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचे सगळे अर्ज मीच भरायचे, तशी ही चिठ्ठी.

मी माझ्या चिठ्ठीवर सक्दाचं नाव लिहिलं.

त्याने काही केलं होतं म्हणून नाही. मी त्याला चौथीत शिकवलं होतं. अपूर्णांक सोडले तर पोरगा चांगला होता. त्याच्या गॅरेजात तू ग्रीसच्या डब्यावर बसून जशी हसायचीस तशी माझ्या घरात कधी हसली नाहीस, हे खरं कारण. पोलीसप्रमुखाची शिकलेली मुलगी, आणि तो लांब केसांचा, मोटारसायकली भरधाव हाकणारा. आम्हांला सांगितलं होतं की नाव आलं की ठाण्यात बोलावतात, केस कापतात, महिनाभर शिबिरात ठेवतात आणि सोडतात. मी हिशोब केला, महिन्याभरात तुला बँकॉकला नोकरीवर पाठवता येईल. एवढाच माझा हिशोब होता.

एका चिठ्ठीने काही होणार नव्हतं. टेकडीखालची म्हातारी साय आली, म्हणाली, बाई, मला काय कळतंय, तुम्हीच कोणाचं तरी लिहा. तिच्या चिठ्ठीवरही मी तेच लिहिलं. आणि मग तिसरीवर.

पेटी तुझ्या बाबांनी स्वतः उघडली. संध्याकाळी घरी आले, शर्टाच्या खिशातून तीन चिठ्ठ्या काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या. पंचवीस वर्षं माझ्या हातच्या याद्या घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाला माझं अक्षर ओळखायला वेळ लागतो का? मला म्हणाले, "ओराफिन, हा पोरगा त्यातला आहे? तुला नक्की माहीत आहे?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि परत खिशात ठेवल्या. पोलीस होते ते, दुसऱ्या कोणाला तरी विचारायला हवं होतं. त्यांनी फक्त मला विचारलं. वरून आकड्यांचा तगादा होता आणि माझं 'हो' त्यांना सोयीचं होतं. त्यांनाही मी मोकळं सोडत नाही.

पाचव्या दिवशी सक्दाला ठाण्यात बोलावलं. तो गेला, सही केली, परत निघाला. रबराच्या मळ्याच्या वळणावर काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू तिथे पोचली होतीस. कोणी मारलं ते आजवर कळलं नाही. 'साथीदारांनी तोंड बंद केलं' असं कागदावर आलं आणि खाली सही तुझ्या बाबांची.

तू घरी आलीस, तुझ्या ब्लाउजवर त्याचं रक्त होतं. तू विचारलंस, "त्याचं नाव कोणी दिलं?" मी दाराशी आंबा कापत उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन याची त्यांनी वाट पाहिली, खूप वेळ पाहिली. मग ते म्हणाले, "मी."

तू त्यांच्या तोंडावर थुंकलीस आणि गेलीस. त्यांनी तोंड पुसलं नाही. आमच्यात त्यावर एकवीस वर्षांत एक शब्द झाला नाही. मी बोलले असते तर तू त्यांना परत मिळाली असतीस आणि मला कायमची गेली असतीस. मला वाटत राहिलं की एक ना एक दिवस तू येशील, निदान माझ्याकडे येशील. त्या आशेपायी मी त्यांना तुझ्या तिरस्कारात एकटं सोडलं. शेवटच्या दिवशी दवाखान्यात ते दाराकडे बघत होते. मी विचारलं, काही हवंय का. नाही म्हणाले.

माझं पान मी आज छापखान्यात दिलं. त्यात हे सगळं आहे. हवालदार रडला, मग चिडला, मग म्हणाला, "बाई, साहेबांनी एवढी वर्षं झाकलं ते तुम्ही त्यांच्याच पुस्तकात उघडं करणार?" मी म्हटलं, त्यांच्या पुस्तकात निदान त्यांच्याबद्दल खरं असू दे. याद्यांच्या वर्षासाठी त्याने सुचवलेलं वाक्य काढून टाकलं आहे.

तुझं पान कोरं राहिलं तरी चालेल. अग्नीला मात्र ये. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी ये.

आई


१९ मे

जुम,

तू आलीस. विहाराच्या पायऱ्या चढताना मी तुला चालण्यावरून ओळखलं, केस पांढरे झाले आहेत हे नंतर दिसलं. तू पेटीच्या पायाशी कपाळ टेकलंस आणि उठलीच नाहीस. भिक्खू थांबले, प्रांतपाल थांबले, कोणी तुला उठवलं नाही. मग सगळी माणसं पांगली तरी तू धूर निघेपर्यंत बसून राहिलीस. ते पाहिलं असतं त्यांनी, तर काय वाटलं असतं त्यांना, हा विचार मनात आला आणि मी खांबाआड गेले.

तुझ्यासाठी मी आंबट मासा केला होता. तू हवालदाराच्या घरी जेवलीस, ते बरोबरच केलंस. दुसऱ्या दिवशी होडीतून अस्थी सोडताना तू त्या टोकाला बसलीस, मी या टोकाला. थोड्या अस्थी तू डबीत घेतल्यास. त्याबद्दल मी कोणाला काही म्हणणार नाही. त्यांना आता चोरून पेनांगला जावं लागणार नाही.

काठावर उतरल्यावर तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस. "तिसरी कोणाची होती?" छापलेल्या पानात ते नाव नव्हतं, तू लगेच पकडलंस. मी उत्तर दिलं नाही आणि तुझी गाडी निघून गेली. हे पत्र त्या उत्तरासाठी आहे.

मंगळवारी सक्दाची आई आली. चिट मावशी. अजूनही ती विहाराच्या वाटेवर भात आणि शेंगा विकते. बाबांचं पुस्तक धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, पुस्तक वाटल्यापासून लोक मला बघून गप्प होतायत. आत काय आहे विचारलं तर कोणी सांगत नाही. म्हटलं, आपल्या बाईच वाचून दाखवतील."

मी वाचलं. माझं पान, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, वर्गात वाचत असे तसं, आवाज न थांबवता. ती शेंगा सोलत ऐकत होती. सोलायची थांबली ते कुठल्या ओळीला हे मला कळलं, पण मी वाचत राहिले. संपल्यावर तिनेही तेच विचारलं, जे तू विचारलंस.

मी म्हटलं, "तुमची, मावशी."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मी तर तुम्हांला म्हणाले होते, बाई, माझी कोरीच टाका. मला कोणाच्या पोराचं वाईट करायचं नाही."

हो, जुम. ती तसंच म्हणाली होती. अगदी याच शब्दांत. मी मान डोलावली, तिच्यासमोर तिच्या चिठ्ठीवर तिच्या मुलाचं नाव लिहिलं, घडी घातली आणि तिच्या हातात दिली. पेटीत तिने ती स्वतःच्या हाताने टाकली, आणि जाताना मला नमस्कार करून गेली.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने मला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फडकं झटकलं, पुस्तक माझ्या ओट्यावर तसंच ठेवलं आणि उठली. दारापर्यंत गेली आणि तिथून वळून एवढंच मागितलं, "हे तिसरीचं दुसऱ्या कोणाला सांगू नका, बाई. तो तिकडे असेल तिथे त्याला कळलं तर? त्याला वाटेल, माझ्या आईनेच मला दिलं."